शेवटची टाईल

...आणि तो ठिपका नक्षीतला नव्हताच. टाईलवरच्या निळ्या पाकळीच्या टोकाशी, तुरीच्या डाळीएवढा, आजूबाजूच्या पांढऱ्यापेक्षा किंचित वेगळा पांढरा. ज्योत्स्नाने साडीची पिन त्याच्या कडेला लावली तेव्हा तिला फक्त डाग खरवडायचा होता. पण भुकटी निघाली, आणखी निघाली, आणि पिन आत गेली. आत करड्या प्लास्टिकची गुट्टी होती. स्क्रू धरावा म्हणून भिंतीला भोक पाडून त्यात ठोकतात, तसली.

दुकानातल्या कोऱ्या टाईलमध्ये गुट्टी नसते. गवंड्याच्या लेकीला हे कुणी सांगावं लागत नाही. भोक पाडायला टाईल आधी भिंतीवर बसलेली लागते, भिंतीला घर लागतं, घरात काहीतरी टांगायचं असलेली बाई लागते – झारा, गाळणी, तिकडे जे काय टांगत असतील ते... तिने टाईल उलटी केली. मागची बाजू स्वच्छ होती, घासून काढल्यासारखी स्वच्छ. इतके दिवस ती स्वच्छता तिला नवेपणाची वाटली होती.

टाईल किशोरने पाठवली होती, तिच्या धाकट्या भावाने. तो तिकडे असतो. घरात त्या देशाचं नाव कुणी घेत नाही, नुसतं ‘तिकडे’ म्हणतात. तिकडे बांधकामावर पूर्वी कब्जातल्या मुलखातले मजूर यायचे, युद्ध पेटल्यावर त्यांना यायची बंदी झाली आणि त्यांच्या जागी इथून माणसं मागवली गेली. किशोरची टाईल बसवण्याची परीक्षा झाली तेव्हा ती स्वतः त्याला सोडायला गेली होती. आणि तो निघाला त्या दिवशी, अकोला स्टेशनच्या फलाटावर, तिने त्याच्याकडून एकच शब्द घेतला होता: पाडकामाला हात लावायचा नाही. मी युद्धाचा कायदा शिकवते रे, मला तोंड दाखवता आलं पाहिजे. तो हसला होता. ‘ताई, मी टाईल बसवाले चाललो, कोनाचं घर पाडाले नाही.’

पाडायला नाही. तिने तो शब्द घडी घालून ठेवला होता, सणाच्या साडीसारखा – कुणी विचारलं की काढायचा. स्टाफरूममध्ये कुणी चिमटा काढला, काय मॅडम, तुम्ही कलमं शिकवता अन् भाऊ तिकडं, की ती शांतपणे म्हणायची, तो कारागीर आहे, बसवतो, पाडत नाही.

मागूनही तसंच लिंपलेलं होतं, ते तिने खरवडलं. गुट्टी मागच्या बाजूने तुटलेली होती. म्हणजे टाईल ओढून काढताना तिची शेपटी भिंतीतच राहिली. आणि टाईल मात्र अखंड. एक कोपरा उडालेला नाही... घाईने, घणाने काढलेली टाईल अशी निघत नाही. आधी चारी कडांचा सांधा मोकळा करायचा, मग छिन्नी आडवी धरून, तिला श्वास घेऊ देत देत काढायची – हे बाबांचे शब्द. हे ज्याला येतं त्यानेच ती काढली. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभं राहून, सावकाश.

तिने टाईल पुन्हा टॉवेलात गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि कॉलेजच्या सकाळच्या तासाला निघाली. आज तास संपवून अकोल्याला जायचं होतं. घरी नवं स्वयंपाकघर झालं होतं, ओट्यामागच्या भिंतीत एकच जागा शिल्लक होती. बाबांचा, नत्थुजी गवंड्यांचा, जन्मभराचा रिवाज होता: कुणाचंही घर असो, शेवटची टाईल आपण लावायची नाही, घरातल्या बाईने हाताने दाबायची. आई गेल्यावर घरातली बाई म्हणजे ज्योत्स्नाच, अमरावतीला राहत असली तरी. आणि ती शेवटची जागा किशोरने फोनवरून राखून ठेवली होती. ‘तिथं माझीच लावजा. तिकडच्या दुकानातून घेतली मुद्दाम.’ सुटीवर आलेल्या श्रावणने, त्याच्या परतवाड्याच्या दोस्ताने, ती आणून बाबांकडे दिली. काही दिवसांनी बाबांनी ती तिच्याकडे दिली. ‘इथं कामात फुटीन. तुह्याजवळ राहू दे.’

वर्गात विषय होता लष्करी ताबा. योगायोग म्हणावा तर तसंही नाही, वेळापत्रक जूनमध्येच लागलं होतं. तिने फळ्यावर लिहिलं: ताबा म्हणजे मालकी नव्हे. मागच्या बाकावरून अचलपूरची अपेक्षा म्हणाली, ‘म्हणजे मॅडम, आमच्या काकासारखं. वावर तो वाहते, सातबारा आजीच्या नावानं.’ वर्ग हसला. ज्योत्स्नाही हसली, कारण उदाहरण चोख होतं. हो, तसंच. ताबा घेणारं सैन्य रखवालदार असतं, मालक होत नाही. नागरिकांची घरं पाडता येत नाहीत, लढाईच्या कारवाईसाठी अगदी अटळ असल्याशिवाय. लूट करता येत नाही. हे लोक कायद्याच्या भाषेत ‘संरक्षित व्यक्ती’...

‘अन् जिचं घर त्या बाईनं स्वतःच लिहून देलं तर? का माहा हक्क नाही म्हणून?’ अपेक्षाने विचारलं.

‘तरी हक्क जात नाही. चौथा जिनिव्हा करार, कलम आठ. संरक्षित व्यक्तीला तो सोडताच येत नाही.’

आपला आवाज तिला नेहमीसारखाच ऐकू येत होता, स्वच्छ, उताराला लागलेला. पिशवी टेबलाच्या पायाशी होती.

‘मॅडम, अन् पाडणारा साधा मजूर असंन तर? इकडून तिकडून आलेला? त्याच्यावर काय?’

ज्योत्स्नाने खडू खाली ठेवला, हात झटकले. ‘ते पुढच्या तासाला,’ ती म्हणाली. तास संपायला बराच वेळ होता.

एसटी बडनेरा सोडून मूर्तिजापूरकडे लागली तेव्हा दोन्ही बाजूंनी तुरी फुललेल्या होत्या. मांडीवर पिशवी. ती मनातल्या मनात किशोरशी भांडत होती आणि भांडण पुढे सरकत नव्हतं, कारण त्याचा चेहरा सारखा लहान होत होता – ओल्या सिमेंटवर पाय देऊन पळणारा, आणि बाबा विचारायला लागले की आधी हसणारा. तो पाय मी माझा म्हणून सांगितला होता एकदा. मार मी खाल्ला होता. त्याने मला फसवावं? जगाला सांग काय सांगायचं ते, पण मला... नखात काहीतरी टोचत होतं. ठिपक्याची भुकटी. तिने पाहिलं, उन्हात ती नुसती पांढरी नव्हती, निळसर होती. तिकडचं सिमेंट तसं असेल, तिने मनाशी म्हटलं आणि पुन्हा किशोरकडे वळली.

घरी बाबा ओट्यासमोर उभे होते, गुडघ्याला पट्टा बांधलेला. भिंत सुरेख झाली होती, रेघा ताणून ओढल्यासारख्या, मध्ये एक चौकोन उघडा. किशोर आधीच मोबाइलवर आलेला, साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला.

‘आली का बाई? किती वाट पाहावं मानसानं! बाबा, तिले आधी च्या तं पाजा.’

‘च्या मंग,’ बाबा म्हणाले. ‘घमेल्यातला सिमेंटचा मसाला सुकते.’

ज्योत्स्नाने टाईल टॉवेलातून काढली आणि मोबाइलसमोर धरली. अंगठा त्या भोकाशी.

‘किशोर, ही कुणाच्या घरची?’

‘दुकानातली न ताई. सांगतलं होतं तुले.’

‘दुकानातल्या टाईलला गुट्टी असते?’

तो हसला. तेच, आधी येणारं हसू. मग पडद्यावर त्याची नजर दुसरीकडे गेली. ‘थे लोक गेलते ताई, आधीच. घर रिकामं होतं. पाडायची मशीन यायच्या आधी म्या एवढी एक काढून घेतली, नाही तं मलब्यातच गेली असती. पाह्य न, कोपरा तरी उडाला का? बाबानं शिकवलं तशी काढली.’

त्याच्या आवाजात अभिमान होता. हेच तिला सहन होईना. लाज असती तर तिला काही करता आलं असतं.

‘तू मला शब्द दिला होतास.’

‘टाईलचं कामच बंद पडलं न इकडं. ठेकेदार देईन थे करा लागते. तुले सांगतलं असतं तं तू कायदा काढून बसली असती. मंग म्या काय करू, परत येऊ?’

तिने उत्तरासाठी बाबांकडे पाहिलं. मारायला उठणारे, रागावणारे, निदान ‘काय म्हणून राहिला रे’ म्हणून विचारणारे बाबा... ते सांधे भरायला स्टीलच्या वाटीत पांढरं सिमेंट कालवत होते. पाणी, मग बोटाच्या टोकाने निळीचा एक थेंब. लहानपणापासून पाहिलेला थेंब – नुसतं पांढरं पुढे पिवळं पडते पोरी, निळीनं उजळ राहते. अख्ख्या अकोल्यात असं दुसरं कुणी करत नव्हतं. वाटीतला रंग फिरला आणि स्थिर झाला. निळसर पांढरा.

ज्योत्स्नाने आपल्या नखाकडे पाहिलं.

बाबांनी मान वर केली नाही. ‘बुजवलं होतं म्या,’ ते म्हणाले. ‘काहून उकरलं?’

मोबाइलवर किशोर दचकला नाही. म्हणजे त्यालाही माहीत होतं की बाबांना माहीत आहे. मागची बाजू ज्यांनी घासली ते हात, पाठ स्वच्छ होईपर्यंत बसून घासणारे, आणि मग टाईल तिच्याजवळ सांभाळायला देणारे... फुटीन म्हणून नव्हे. तिच्या हातात चार दिवस राहिली की ती तिचीही होते म्हणून. अमरावती ते अकोला तिने किशोरवर केलेला सगळा राग आता ठेवायला जागा उरली नाही.

‘त्यांचं ते घर गेलं,’ बाबा म्हणाले. ‘आपण नाही पाडलं तं दुसऱ्यानं पाडलं असतं. पोरगं आहे तिकडं एकटं. तुले त्रास नको म्हनून...’

तुला त्रास नको. सगळं ठरवून झाल्यावर ज्याच्यापासून लपवायचं, ज्याला सांभाळायचं, ज्याची फक्त शेवटी हात लावायला गरज. संरक्षित व्यक्ती, तिच्या मनात आलं. आणि लगेच लाज वाटली, कारण तो शब्द दुसऱ्या एका बाईचा होता, आणि तोही ती उचलून स्वतःच्या भिंतीला लावू पाहत होती.

बाबांनी उघड्या चौकोनात मसाला फासला, तिच्या हातून टाईल घेतली, बसवली, बाजूला झाले. निळी पाकळी बाबांनी शोधून आणलेल्या शेजारच्या फुलाला नीट जुळली.

‘दाब पोरी. सुकून राहिलं.’

‘ताई,’ डब्याजवळून किशोर म्हणाला. फक्त एवढंच.

तिने तळहात ठेवला. गार होतं. ठेवला, दाबला नाही. टाईल किंचित तरंगत होती, मसाल्यावर, अजून कुणाचीच नसल्यासारखी. तळव्याच्या मधोमध ते उघडं भोक तिला जाणवलं, आणि कलम आठ आठवलं, आणि त्यात कुठेच लिहिलेलं नाही की ज्यांच्या हातांनी ते घर पाडलं त्यांच्यातल्या एकाची बहीण उभी असेल तर तिने काय करायचं. तिकडच्या त्या भिंतीवरही कुणीतरी असाच पहिल्यांदा हात टेकवला असेल. झारा टांगायला कुठे सोयीचं पडेल ते बघत. आश्चर्य म्हणजे ज्योत्स्नाचीही नजर तेच शोधत होती – भोक नेमकं हाताच्या उंचीवर आलं होतं, ओट्यापासून बरोबर, जिथे तिनेही पाडलं असतं.

बाबा वाट पाहत होते. हात तिथेच होता, आणि तो आपला आहे असं तिला काही केल्या वाटत नव्हतं.