लाल अंगरखे

मी शिंपीण आहे, त्यामुळे कसलीही अडचण आली की मला आधी कापड आठवतं. दुसऱ्या कुणाला देव आठवत असेल.

अडचण अशी होती: माझ्या शिवणाच्या खोलीत खोक्यात वाढवलेली पाच पिल्लं आता दोन महिन्यांची झाली होती, आणि परसात सासूबाईंच्या चार थोराड कोंबड्या होत्या. आठवडाभर मध्ये जाळी लावून दोन्ही पक्षांची तोंडओळख झाली. आज जाळी काढायची. सासूबाईंनी सकाळीच बजावलं, "रक्ताचा एक थेंब दिसला, तर पिल्लं संध्याकाळी पोल्ट्रीवाल्याकडे. रोज उठून मारामाऱ्या मला नकोत." त्या एकदा बोलल्या की बोलल्या. आणि मला ती पिल्लं हवी होती. या घरात आल्यापासून मी तोंड उघडून मागितलेली ती पहिलीच गोष्ट.

म्हणून दोन दिवस खपून मी पाचही जणांना पाठ झाकणारे अंगरखे शिवले. चोच बसलीच तर कापडावर बसेल. उरलेल्या तुकड्यांत लालभडक सुती कापड होतं, तेच वापरलं. पंखांखाली इलॅस्टिक, मानेपाशी टिचबटण. खोटं कशाला बोलू, फार गोड दिसत होती मेली.

"लाल?" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, लाल दिसलं की कोंबडी चोच मारते! कुणी शिकवलं तुला?"

"कुणीच नाही," मी म्हटलं. तोवर जाळी माझ्या हातात आली होती.

चौघींतली थोरली, तिला आम्ही फौजदारीण म्हणतो, मान वाकडी करून बघत राहिली. मग सुसाट आली, सगळ्यात छोट्याचा अंगरखा चोचीत धरला, आणि टिचबटण सुटून तो अख्खा तिच्याकडे आला. घबाड मिळाल्यासारखी ती पळत सुटली. बाकीच्या तिघी तिच्यामागे. तिघींच्या मागे मी, कारण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. माझ्यामागे सासूबाई झाडू घेऊन. त्या का, ते मला अजून कळलेलं नाही. वाळत घातलेल्या चादरींखालून, बादलीवरून, पुन्हा चादरींखालून. एक चादर माझ्याबरोबरच आली. "सोड, मेले, सोड!" सासूबाई धापा टाकत ओरडत होत्या आणि मी हसून हसून कोलमडायच्या बेतात. पिल्लं मात्र मोठ्यांच्या भांड्यात पाय रोवून दाणे हादडत होती.

शेवटी अंगरख्याच्या चिंध्या झाल्या. फौजदारीण भांड्याशी परतली, उघड्या पाठीच्या छोट्याकडे तिने एकदा बघितलं आणि टचकन चोच हाणली. छोटं चिरकलं, दोन पावलं बाजूला झालं आणि पुन्हा खायला लागलं. तीही खायला लागली. भांडण तेवढ्यावर मिटलं.

पण छोट्याच्या पांढऱ्या मानेवर लाल थेंब होता. त्याला उचलून मी पटकन वळले, तर सासूबाई समोरच. त्यांनी चष्मा वर सरकवला, त्याच्या मानेवरून अंगठा फिरवला आणि अंगठ्याकडे बघत राहिल्या.

"रंग सुटतोय तुझ्या कापडाचा," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला पक्कं घे."

ते कापड मी शिवण्याआधी तीनदा धुतलं होतं, आणि तिन्ही वेळा त्यांनीच ते दोरीवर घातलं होतं.

"हो आई," मी कसंबसं म्हटलं. मला इतका आनंद झाला की छोट्याला मी जवळजवळ चिरडलंच.

"सोड आता त्याला," त्या झाडू घेऊन वळल्या. "आपल्या माणसांत जेवू दे."