एकच भांडण, दोनदा मोजलेलं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. १९९८ साली पुण्यातल्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले आणि पुढच्याच वर्षी, गोधडीत गुंडाळून, मी टेम्पोतून न्हावऱ्याला आलो.

मला आणलं धनश्रीनं. ती पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेली. तिची आई गिताबाई गोठ्यात घसरली आणि पाय मोडला, म्हणून धनश्री घरी राहिली होती. पुण्याच्या सरांनी तिला सांगितलं होतं, "अणूतल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढणारा प्रोग्रॅम स्वतः लिही. महिन्याभरात बरोबर उत्तर आलं, तर संशोधनाची जागा तुझी."

तिनं हेलियमपासून सुरुवात केली. त्यात दोनच इलेक्ट्रॉन. दोघं एकमेकांना दूर ढकलतात. ते किती ढकलत असतील, याची मलाही फार उत्सुकता लागली. पण प्रयोगशाळेत मोजलेल्या आकड्यापासून माझं उत्तर लांबच पडायचं. धनश्रीनं प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. तेवीस दिवस गेले, उत्तर तेच.

तिचे मामा रखमाजी म्हणाले, "लाइट कमीजास्त व्हती, त्यानं मशीनच बिघडलं आसंल. इकून टाक. वरवंडला एक गिऱ्हाईक हाय."

मला वाईट वाटलं. मी तर सांगितलेलीच बेरीज करत होतो.

त्याच दुपारी गिताबाईच्या दोन्ही सुना पाण्यावरून भांडल्या. आधी थोरली येऊन गाऱ्हाणं सांगून गेली, मग धाकटी.

"आई, आज घरात दोन भांडणं झाली," धनश्री म्हणाली.

"दोन कुठली? भांडाण येकच. हिनं सांगितलं, तिनं बी सांगितलं, येवढंच."

धनश्री उठली. मग माझ्यासमोर येऊन बसली. पहिल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा काढताना दुसऱ्याचं ढकलणं त्यात धरलेलं होतं, आणि दुसऱ्याची काढताना पहिल्याचं. दोन्हींची बेरीज केली की एकच ढकलणं दोनदा यायचं. तिनं एक ओळ वाढवली: ते एकदा वजा कर.

मी वजा केलं. उत्तर मोजलेल्या आकड्याजवळ आलं. तंतोतंत नाही, पण जवळ.

"आई, जमलं."

"मंग च्या ठिव," गिताबाई म्हणाली.

धनश्रीला जागा मिळाली. पुण्यात तिच्या हाताखाली मोठी यंत्रं आली आणि मी न्हावऱ्यालाच राहिलो. माझ्यावरचं फडकं कुणीतरी दुसऱ्या कामाला नेलं. धूळ साचत गेली.

२००७ साली ती सुट्टीला आली. ब्रशनं मला झाडलं, बटण दाबलं. मी सुरू झालो.

"आजून त्येच करतीस व्हय?" गिताबाईनं विचारलं.

"तेच. मोठ्या अणूंसाठी दोन रीती एकत्र वापरतो आम्ही. काही ढकलणं पहिल्या रीतीत आलेलं असतं, दुसरी ते पुन्हा धरते. त्यातलं नेमकं किती वजा करायचं, यावर जाणत्यांचंही एकमत नाही."

"मंग?"

"शोधतेय."

मित्रांनो, माझ्यासारख्याला भंगारात घालण्याआधी एकदा धूळ पुसून पाहा. आणि उत्तर पटलं नाही, तर तुम्ही मला काय करायला सांगितलंत ते पुन्हा वाचा. चुकीचं सांगितलंत, तरी मी तेही मनापासूनच करतो.