खाटकाचे तीन ठोके

मरीन, म्हणजे आरमारातले सैनिक, म्हटलं की लोकांना रात्री तोंडाला काळं फासून शत्रूच्या किनाऱ्यावर उतरणारे गडी आठवतात. विल्फ ऑटवेच्या मेव्हण्याला तर दुसरं काही आठवतच नसे, कारण तो स्वतः त्यांच्यातला होता. सुट्टीवर आला की कमांडोची हिरवी टोपी ताटाशेजारी ठेवून तो विचारायचा, "काय दाजी, यंदा पिपाणी वाजवून किती जर्मन पळवले?" सगळं टेबल खो खो हसायचं, विल्फची बायकोसुद्धा. विल्फही हसायचा. पण ताटावरून सगळ्यांच्या आधी उठायचा.

'पेनगेली' या ब्रिटिश क्रूझरवर, म्हणजे मोठ्या युद्धनौकेवर, नव्वद मरीन होते आणि त्यातल्या एकानंही कधी तोंडाला काळं फासलं नव्हतं. जहाजाच्या मागच्या फिरत्या बुरुजातल्या तोफा त्यांच्या ताब्यात. त्याखेरीज एक जण टपाल वाटायचा, एक हजामती करायचा, दोघं अधिकाऱ्यांना वाढायचे, आणि एमस ब्लूएट नावाचा आडवातिडवा गडी मटण तोडायचा. उरलेले पंधरा जण म्हणजे बँड. विल्फ त्यात क्लॅरिनेट वाजवायचा, आणि अधिकाऱ्यांच्या मेजवानीला व्हायोलिन.

लढाई लागली की वाद्यं पेटीत जायची आणि वाजवणारे जहाजाच्या पोटात. तिथं, पाण्याच्या पातळीखाली, एक बंद खोली होती. शत्रूचं अंतर, वेग, वारा असं सगळं वरून तिथं यायचं, मधलं भलंमोठं यंत्र हिशेब करायचं, आणि भोवती बसलेल्यांनी आपापला दांडा फिरवत आपला काटा यंत्राच्या काट्यावर धरून ठेवायचा. काटा सुटला की वर तोफेचा नेम सुटला. या कामाला बँडवालेच का? तर तासभर एका जागी बसून, हात न थरथरवता, इकडंतिकडं न बघता काम करायची सवय त्यांनाच असते. निदान बँडमास्तर होरेस लिजेट असं सांगायचे. विल्फच्या मते खरं कारण असं की बाकी कुणी त्या खोलीत बसायला तयार नव्हतं.

खोलीला वर जाणारी एकच शिडी, आणि शिडीच्या टोकाला जाडजूड लोखंडी झाकण. त्याच्या आठ कड्या वरून लागायच्या आणि वरूनच सुटायच्या. जहाजात पाणी शिरलं तर ते पसरू नये म्हणून ही सोय. आतल्यांची सोय कुणी पाहिली नव्हती. झाकणावर माणूस होता तो ब्लूएट.

दर दहा मिनिटांनी ब्लूएट वरून तीन ठोके द्यायचा. मी आहे, एवढंच सांगायला. हा हुकूम कुणाचा नव्हता, त्याचं त्यानंच काढलेलं होतं. पण ते ठोके बँडवाल्यांच्या कानाला खुपायचे. पहिला ठोका, मग भलामोठा खंड, मग दुसरा, आणि त्याच्या डोक्यावरच तिसरा.

"तीन ठोके देता येत नाहीत बेट्याला!" मोठा ढोल वाजवणारा पर्सी टिप्टन कानावर हात ठेवायचा. "याच्या आईनं पाळणासुद्धा वेडावाकडा हलवला असणार."

यावर खोलीत हसू पिकायचं, तेवढाच विरंगुळा. विल्फला मात्र हसू येत नसे. त्याला त्या खोलीची भीती वाटायची. बायकोलाही त्यानं हे सांगितलेलं नव्हतं. त्यात गेल्या महिन्याच्या सरावाच्या वेळी ठोके मध्येच बंद पडले होते. पंधरा मिनिटं काही नाही. ब्लूएट परतला तेव्हा म्हणाला, "मटणाच्या कोठीचं दार उघडं राहिलेलं. म्हटलं बघून येतो."

विल्फनं त्याच दिवशी बँडमास्तरांच्या नावे अर्ज लिहिला. झाकणावरचा ब्लूएट हा भरवशाचा माणूस नाही, जागा सोडून जातो, तरी तिथं दुसरा माणूस द्यावा. मास्तरांनी तो वाचला, घडी घालून खिशात टाकला आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

फेब्रुवारी एकोणीसशे त्रेचाळीस. मालवाहू बोटींचा एक तांडा घेऊन 'पेनगेली' उत्तरेकडे निघाली होती. त्या दिवशी सकाळीच बँडच्या वाट्याला नुसती हाडं आल्यावरून विल्फ आणि ब्लूएटची जुंपली.

"हे मटण आहे की पियानोच्या पट्ट्या?" विल्फ ओरडला.

"वाजवून बघ की! माझ्या कोठीशेजारी रोज उठून जे कोकलता, त्यापेक्षा बरंच वाजेल."

"तुला काय कळतंय रे त्यातलं? तीन ठोके धड देता येत नाहीत!"

ब्लूएटनं सुरा फळीवर आपटला. दुपारी बाराच्या सुमाराला भोंगा झाला. शत्रूच्या तीन विनाशिका तांड्याकडे येत होत्या. बँड धावत खाली उतरला. शिडीवरून विल्फनं वर पाहिलं तर ब्लूएटचं लालबुंद तोंड झाकणाच्या फटीतून दिसत होतं. मग झाकण पडलं आणि आठ कड्या एकामागून एक लागल्या.

पहिला अर्धा तास बरा गेला. वर तोफा सुटल्या की खोलीतल्या भिंती थरथरायच्या आणि रंगाचे पोपडे खांद्यावर पडायचे. मास्तर यंत्रामागे उभे राहून हळू आवाजात म्हणत होते, "काट्यावर नजर, काट्यावर." ठोके वेळेवर येत होते, नेहमीसारखेच वाकडे.

मग जहाजाला कुणी लाथ घालावी तसा हादरा बसला. दिवे गेले. पर्सी बाकावरून उडून यंत्रावर आपटला आणि त्याचं मनगट मोडल्याचा आवाज विल्फला ऐकू आला. मास्तरांनी टेलिफोन उचलला, दोनदा हॅलो म्हणाले, आणि ठेवून दिला.

"मेला," ते म्हणाले. "टेलिफोन मेला. आपण नाही. आपापल्या जागा सोडू नका, वीज परत येईल."

वीज आली नाही. मास्तरांच्या हातातल्या टॉर्चचा पिवळा ठिपका तेवढा भिंतीवर पडलेला. वरून धावपळ ऐकू आली, आरडाओरड ऐकू आली, आणि कुणीतरी स्पष्ट म्हणालं, "सगळे बाहेर! हा भाग सोडा!" मग बुटांचे आवाज लांब गेले. खोलीत जळक्या रंगाचा वास यायला लागला.

"मास्तर, दहा मिनिटं होऊन गेली," विल्फ म्हणाला.

"माझ्याकडे घड्याळ आहे, ऑटवे."

"ठोका नाही झाला."

"मला कान आहेत, ऑटवे."

वीस मिनिटं झाली. शिडीच्या वरच्या पायऱ्यांना हात लावला तर चटका बसत होता. विल्फचा हात अजून दांड्यावर होता आणि मनात एकच गोष्ट घुमत होती. तो पळाला. हुकूम झाला आणि पळाला, आणि आता आठ कड्या सोडायला पृथ्वीच्या पाठीवर कुणी नाही. आपण लिहून दिलं होतं ते खरं ठरलं, आणि ते खरं ठरलेलं पाहायला फक्त आपण पंधरा जण आहोत. ओरडावंसं त्याला फार वाटत होतं. त्यानं ओठ इतका चावला की तोंडात रक्ताची चव आली.

तेवढ्यात वर ठण् झालं.

"काहीतरी पडलं असेल," कुणीतरी कुजबुजलं.

मास्तरांनी टॉर्च झाकणाकडे वळवला. भलामोठा खंड गेला. मग ठण्, आणि त्याच्या डोक्यावरच ठण्.

पर्सी मोडकं मनगट पोटाशी धरून आधी हसला. मग त्या अंधारात पंधराच्या पंधरा माणसं हसायला लागली, मास्तरसुद्धा. विल्फ हसता हसता रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. असा ठोका साऱ्या आरमारात दुसऱ्या कुणाला जमला नसता.

आणखी दहा मिनिटांनी ब्लूएटनंच एकेक करून कड्या सोडल्या. वर धूर होता, घोट्याएवढं गरम पाणी होतं, आणि भिंतीला टेकून ब्लूएट बसला होता. पाण्याचा पाइप अजून त्याच्या कुशीत होता. त्याच्या बुटांचे तळ लोखंडाला चिकटून राहिले होते, पाय मात्र त्यानं कसेबसे सोडवून घेतले होते.

"कुठं मेला होतास?" विल्फच्या तोंडून निघून गेलं.

"इथंच. आग झाकणाकडे येत होती, पाणी मारत होतो."

"मग ठोका का नाही दिलास?"

"दोन्ही हातांत पाइप होता. डोकं आपटू काय?"

"पण सगळ्यांना बाहेर जायचा हुकूम झाला होता. आम्ही ऐकला."

"हो, मीही ऐकला," ब्लूएट म्हणाला आणि पायांकडे बघत शिव्या द्यायला लागला.

मागच्या बुरुजातल्या मरीननी नुसत्या नजरेच्या अंदाजानं तोफा चालवत ठेवल्या होत्या. विनाशिका माघारी गेल्या. तांड्यातली एकही बोट बुडाली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी, लख्ख उन्हात, 'पेनगेली' बंदरात शिरली. अशा वेळी डेकवर बँड वाजलाच पाहिजे, पण पर्सीचा हात गळ्यात बांधलेला. मास्तरांनी जरा विचार केला आणि चौघांना पाठवून ब्लूएटला उचलून आणलं. पायांना ही मोठाली बँडेजं. त्याला एका खोक्यावर बसवून पुढ्यात मोठा ढोल ठेवला.

"साहेब, मला ताल नाही," ब्लूएट कासावीस होऊन म्हणाला. "सगळे सांगतात."

मास्तरांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं जाड ठिपके काढले आणि ढोलावर चिकटवला. "ठिपका आला की मारायचं."

विल्फ अगदी शेजारीच उभा होता. उन्हात कागदातून पलीकडचं अक्षर दिसत होतं, आणि ते त्याचं स्वतःचं होतं. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यानं पटकन मास्तरांकडे पाहिलं, पण मास्तर टोपी सारखी करत होते.

"वाचलंय मी," ब्लूएट ढोलाकडे बघतच म्हणाला. "काल मास्तरांनीच दाखवलं. मटणाच्या कोठीचं लिहिलंयस ते खरं आहे. मिळाला का मग दुसरा माणूस?"

"नाही," विल्फ म्हणाला. "नको आहे."

मास्तरांनी छडी उचलली. पहिला ठोका बरोबर पडला. दुसरा पडेचना. विल्फनं क्लॅरिनेटवर सूर लांबवला, शेजारच्यांनीही लांबवला, आणि जन्मभर तालासाठी माणसांना फाडून खाणारे होरेस लिजेट छडी हवेत धरून खाटकाची वाट बघत थांबले. दुसरा पडला, आणि त्याच्या डोक्यावरच तिसरा. मग मास्तरांनी छडी खाली आणली, आणि सगळा बँड ब्लूएटच्या ठोक्यांमागोमाग निघाला.