तात्पुरती डिस्क

“भाऊजी, ताईचा आवाज बंद झालाय.”

मेहुणीचं हे वाक्य कानावर पडलं आणि काकांच्या हातातला चहा हिंदकळून कीबोर्डवर सांडला. ताई म्हणजे काकांची बायको. तिला जाऊन पाच महिने झाले होते.

“काय बोलतेस? कसला आवाज?”

“अहो, वाचनाचा! भूगोलाचा धडा लावायला गेले तर पानच उघडत नाही. अकरा पोरं कान टवकारून बसलीत माझ्यासमोर.”

“मग असं सांग ना नीट. जीव घेतलास माझा.”

“नीटच सांगितलं. तुमच्या मशीनला काय झालंय ते मला कसं कळणार? मला तर धडधाकट मशीनसुद्धा दिसत नाही.”

मेहुणी जन्मापासून आंधळी. अंध मुलांच्या शाळेत शिकवायची. लहानपणी थोरली बहीण तिला सगळी पुस्तकं वाचून दाखवायची. पुढे मेहुणी मास्तरीण झाली आणि थोरलीने तिच्या वर्गासाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला घेतली. सहा वर्षांत चार पुस्तकं झाली. ती ठेवायला काकांनी क्लाउडवर एक मशीन लावून दिलं होतं. क्लाउडवरचं मशीन म्हणजे एखाद्या कंपनीच्या दूरच्या इमारतीतल्या मोठ्या संगणकाचा भाड्याने घेतलेला तुकडा. शाळेने एक पान उघडायचं, धडा निवडायचा, ऐकायचं.

असली मशीनं बिघडली की ती सुरू करून देणं हीच काकांची नोकरी. बारा वर्षं ते हेच करत होते. ग्राहक कितीही घाबरलेला असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “रीस्टार्ट करून बघितलंत का?” म्हणून ऑफिसात सगळे त्यांना रीस्टार्टकाका म्हणत. त्यांचं त्यालाही काही म्हणणं नव्हतं.

“दहा मिनिटं दे,” ते मेहुणीला म्हणाले. “तोवर पोरांना काहीतरी सांग.”

“गप्पाच मारते. त्यात मी तुमच्यापेक्षा बरी आहे.”

काकांनी कीबोर्ड पुसला आणि मशीन कुठल्या अवस्थेत आहे ते बघितलं. थांबलेलं. नुसतं थांबलेलं नव्हे, कंपनीने त्याची जागाही काढून घेतली होती. मशीन आपण होऊन असं थांबत नाही. त्यांनी वरची पायरी बघितली. ज्या सबस्क्रिप्शनवर, म्हणजे दरमहा भाडं कापल्या जाणाऱ्या खात्यावर, मशीन चालत होतं ते सबस्क्रिप्शनच बंद होतं. कारणही तिथेच लिहिलेलं होतं. कार्ड चालत नाही.

कार्ड बायकोचं होतं. मशीन घेताना तिनेच हट्ट धरला होता. “वाचणार मी, तर नाव माझं. तुम्ही फक्त हमाली करा.” काका हसले होते आणि सबस्क्रिप्शन तिच्या नावाने, तिच्या ईमेलवर, तिच्या कार्डावर उघडलं होतं. ती गेल्यावर दोन महिन्यांनी ते मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत गेले आणि तिचं खातं बंद करून आले. खिडकीतल्या मुलीने कात्रीने कार्ड कापून त्यांच्यासमोर टाकलं. तेव्हा त्यांना या मशीनचं काहीही आठवलं नव्हतं.

“काय झालं काका?” टीमलीडबाईंनी पलीकडून विचारलं. वयाने दहा वर्षांनी लहान, पण त्याच त्यांच्या साहेब.

“घरचं मशीन बंद पडलंय. कार्ड गेलं.”

“कंपनीने आधी इशारे दिले असतील की. मेल बघितले नाहीत?”

गेली बारा वर्षं काका ग्राहकांना एकच गोष्ट घोकून सांगत होते. सबस्क्रिप्शन ज्याच्या नावावर आहे त्याची मेलपेटी रोज बघा, माणूस नोकरी सोडून गेला तर आधी नाव बदला. बायकोची मेलपेटी त्यांनी पाच महिन्यांत एकदाही उघडली नव्हती.

सबस्क्रिप्शन उघडायचं तर तिच्या नावाने आत शिरायला हवं आणि त्याचा ओटीपीचा आकडा येणार तिच्या फोनवर. फोन घरी कपाटात. तिचा नंबर मात्र काकांनी चालू ठेवला होता. का, ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ते घरी गेले. फोन चार्जिंगला लावून पलंगाच्या कडेवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने पडद्यावर उजेड आला, मग एकामागून एक टिंगटिंग सुरू झालं. वाण्याचा निरोप, दवाखान्याची तपासणीची आठवण आणि क्लाउड कंपनीचे अकरा मेल. पहिला अदबीचा होता. शेवटचा दोन ओळींचा.

काकांनी आपलं कार्ड घातलं. वीस मिनिटांनी सबस्क्रिप्शन पुन्हा चालू झाल्याचं दिसलं. त्यांनी मशीन सुरू केलं. ते सुरू झालं, पण पान काही उघडेना. जागा काढून घेतल्यामुळे मशीनचा पत्ता बदलला होता आणि शाळेचा दुवा जुन्याच दारावर टकटक करत होता. हे काकांच्या हातचं काम. त्यांनी नवा पत्ता जोडला, थोडं थांबले, पुन्हा बघितलं. पान उघडलं. पहिलं पुस्तक, दुसरं पुस्तक, तिसरं पुस्तक. एक धडा लावला तर बायकोचा आवाज खोलीत आला, “धडा पहिला. पाणी.” काकांचा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी चौथ्या पुस्तकावर बोट ठेवलं. भूगोल. पान पांढरं. खाली एकच ओळ, शून्य फायली.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, अजून भरतंय. त्यांनी पान पुन्हा उघडलं. मशीनच्या आत शिरून फोल्डर शोधला. फोल्डरच नव्हता. ज्या डिस्कवर तो असायला हवा होता तिथे कंपनीने ठेवलेली एक छोटी मजकुराची फाइल होती. उघडायची गरजच नव्हती. इथे महत्त्वाचं काही ठेवू नका, ते जाईल, असं तिच्यात लिहिलेलं असतं. काकांनी ती शंभर ग्राहकांना वाचून दाखवली होती.

अशा मशीनबरोबर एक जादा डिस्क मिळते. तात्पुरती. मशीन रीस्टार्ट केलं तर तिच्यावरचं सहसा टिकतं, पण मशीन पूर्ण थांबवून त्याची जागा सोडली की डिस्क कोरी होते. हे त्या धंद्यातलं पोरसोरही जाणतं. आठ महिन्यांपूर्वी मुख्य डिस्क भरली होती. बायकोने दारातून हाक मारली होती, “अहो, धडा चढत नाहीये, जागा नाही म्हणतंय.” मोठी डिस्क लावायला अर्धा तास लागला असता. बाहेर तिला दवाखान्यात न्यायला गाडी येऊन उभी होती. काकांनी तात्पुरत्या डिस्कवर भूगोलाचा फोल्डर उघडून दिला. दोन दिवसांसाठी. नंतरचे दिवस कसे गेले ते त्यांनाच ठाऊक; पुढचे धडे तिथेच चढत गेले. मशीन मात्र एकदाही थांबलं नाही, आणि न थांबलेल्या मशीनकडे कोण बघतो?

त्यांनी बॅकअप बघितला. बॅकअप होता, पण मुख्य डिस्कचा. तात्पुरती डिस्क त्यात येत नाही. त्यांनी बायकोचा लॅपटॉप उघडला. रेकॉर्डिंगचा फोल्डर रिकामा. तो रिकामा का होता, तेही त्यांना आठवलं. “मशीनवर गेलंय ना? मग लॅपटॉपवर कशाला अडगळ,” असं त्यांनीच तिला सांगितलं होतं. ती त्यांचं ऐकायची. या बाबतीत तरी.

शेवटी त्यांनी क्लाउड कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस तरुण होता, आवाजाने शांत. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “माफ करा सर, त्या डिस्कवरची माहिती परत मिळवता येत नाही. ती डिस्क तात्पुरती असते.”

“माहीत आहे मला.”

“मग सर, आपण तिथे—”

“माहीत आहे म्हटलं ना!”

त्याने विचारलं, “आणखी काही मदत करू शकतो का?” काकाही दिवसातून वीस वेळा असंच विचारत. त्यांनी फोन ठेवला.

ऑफिसात परतले तर टीमलीडबाईंना चेहरा बघूनच कळलं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली. सगळं ऐकल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “काका, मेहुणीला सांगा कंपनीकडून गेलं. तिला कुठे यातलं कळतंय? उगाच आयुष्यभराचं मनात राहील दोघांच्याही.”

“तसंच सांगावं म्हणता?”

“मी तुमच्या जागी असते तर तेच सांगितलं असतं.”

काका गच्चीवर गेले. शाळा सुटायची वेळ झाली होती. त्यांनी फोन लावला.

“आली का गाडी रुळावर?” मेहुणीने विचारलं.

“तीन पुस्तकं आली. भूगोल गेला.”

“गेला म्हणजे? कधी येईल?”

“नाही येणार. पुसला गेला.”

पलीकडे पोरांचा गलका ऐकू येत होता. कोणीतरी काठी आपटत पळत होतं. मेहुणी दुसऱ्या खोलीत गेली असावी, कारण गलका एकदम थांबला.

“कंपनीने घाण केली का?”

काकांनी तोंड उघडलं. एवढं एक “हो” म्हणायचं होतं.

“नाही,” ते म्हणाले. “मी केली. पुसली जाते त्या डिस्कवर मीच ठेवला होता. दोन दिवसांसाठी म्हणून, आणि मग उचललाच नाही. कार्ड बंद झालं तेही माझ्यामुळे. तिचे मेल मी उघडले नाहीत.”

मेहुणी म्हणाली, “एकोणीस धडे पोरांच्या प्लेअरमध्ये असतील. मी आठवड्याला दोन भरून देते. वीसपासून पुढचे कोणाकडेच नाहीत.”

“तुझ्याकडे? तू तरी ऐकलेस ना?”

“नाही हो. पुरवून ऐकत होते. संपले की संपलेच, म्हणून मागे ठेवले होते.”

काका गच्चीचा कठडा धरून उभे राहिले. त्यांनीही ते ऐकले नव्हते. बायको दार लावून वाचायची. बाहेर ऐकू यायचा तो फक्त खोकला, आणि खोकला थांबला की तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून.

“शिव्या तरी दे,” ते म्हणाले.

“देईन. आत्ता सुचत नाहीयेत. परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय, पुस्तक तिच्या खोलीत असेल. वाचा.”

“मी?”

“मग काय मी वाचू?”

दुसऱ्या दिवशी काकांनी रजा टाकली. सकाळी शाळेत जाऊन अकरा मुलांचे प्लेअर गोळा केले आणि एकेक उघडून धडे उतरवले. कोणाकडे पाच, कोणाकडे बारा. एका मुलीने सगळे जपून ठेवले होते. ती म्हणाली, “परत देणार ना काका? माझ्याकडचे पुसू नका.” दुपारपर्यंत एकोणीस धडे पुरे झाले. ते त्यांनी मशीनच्या नव्या डिस्कवर ठेवले, लॅपटॉपवर ठेवले, ऑफिसच्या कपाटातल्या डिस्कवर ठेवले, आणि तरी समाधान होईना म्हणून पेनड्राइव्हवर एक प्रत करून मेहुणीच्या पर्समध्येही टाकली.

मग ते बायकोच्या खोलीत गेले. भूगोलाचं पुस्तक टेबलावरच होतं. पानोपानी पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या, जिथे थांबून श्वास घ्यायचा तिथे. पहिल्या धड्यात ओळीला एखादी. विसाव्यात तीन-तीन शब्दांवर एक. काका बघतच राहिले. एवढ्याशा श्वासावर ती वाचत होती, आणि जेवताना मात्र म्हणायची, “आज बरं वाटतंय.”

त्यांनी माइक लावला आणि विसावा धडा वाचला. मेहुणीला पाठवला. तासाभराने फोन आला.

“वाचता बरे. पण असे अडखळता का सारखे? प्रत्येक तीन शब्दांवर?”

“तिने रेघा मारल्यात.”

मेहुणी म्हणाली, “मग राहू दे तसंच.”

दहा दिवसांत ते सव्विसाव्या धड्यापर्यंत आले. पान उलटलं तर पुढे आणखी दोन धडे होते. एकाही ओळीत रेघ नव्हती. पुस्तक संपलं असं बायकोने त्यांना सांगितलं होतं. शेवटची दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी, हसत.

त्यांनी मेहुणीला फोन केला.

“तुला ठाऊक होतं? दोन राहिले होते?”

“होतं. मला म्हणाली, त्यांना सांगू नकोस. रोज विचारत बसतील, झालं का, झालं का.”

“मी विचारलंच असतं.”

“तेच तर.”

काकांनी फोन ठेवला आणि माइक पुढे ओढला. “धडा सत्ताविसावा,” एवढं म्हणाले. पुढे कुठे थांबायचं ते कळेना. त्यांनी पेन्सिल शोधली, पहिल्या ओळीवर धरली आणि तशीच खाली ठेवली.

परीक्षेला आठ दिवस आहेत. सत्ताविसावा आणि अठ्ठाविसावा वाचायचे राहिले आहेत.