पुलापर्यंतची काळजी

मी लिफ्ट तपासतो. दोर, ब्रेक, दार, पुन्हा दोर. साहेब म्हणतात, "हा असला की आपण निर्धास्त." त्यांना काय ठाऊक, मी घरचा गॅससुद्धा तीनदा बंद करतो! आमच्या घराण्यात काळजी पिढीजात आहे. आजोबा लावलेलं कुलूप ओढून ओढून बघायचे. आत्या अजून फोन करून विचारते, "जिना सावकाश उतरलास ना?" बायको आम्हाला शंकासुराची पिलावळ म्हणते.

मलाही त्याचं हसू यायचं. पण लेकीने शाळेच्या तीन दिवसांच्या सहलीचा कागद सही न घेताच दप्तरात कोंबला, तेव्हा हसू मावळलं. नऊ वर्षांची पोर.

"बस बिघडली तर? तिकडे मला झोपच नाही आली तर? मी नसताना तुम्हाला काही झालं तर?"

शब्द तिचे, सूर माझा. नाक आईचं घेतलंस, केस आईचे घेतलेस, मग हेच तेवढं माझं कशाला उचललंस बाई?

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "थोडंफार रक्तातून येतं, खरंय. पण रक्तात आलं म्हणजे कपाळी कोरलं, असं नाही. वेळेवर झोप, रोजचं चालणं, मनातलं बोलणं, यानेही फरक पडतो. आणि आधी तुम्ही चाला!"

मग आम्ही बापलेक रोज संध्याकाळी चालायला लागलो. नियम लेकीचा. जाताना पुलापर्यंत वाटेल तेवढी काळजी बोलायची, पूल आला की मागे फिरायचं आणि 'तर' बंद. पहिल्या दिवशी पुलाशी अर्धा तास उभे राहिलो. तिची यादी संपेना, आणि खरं सांगायचं तर माझीही. घरी बायको म्हणाली, "काय, लिफ्ट अडकली होती का?"

दुसऱ्या आठवड्यात काळज्या औषधांच्या दुकानापाशीच संपायला लागल्या. उरलेल्या वाटेवर ती शाळेतल्या बाईंच्या शिंकांची नक्कल करून दाखवायची. नऊला डाराडूर झोपायची. तिसऱ्या आठवड्यात तिने आपणहून कागद पुढे केला. मी सही केली, आणि ती बरोबर आली का ते दोनदा पाहिलं.

सहलीच्या सकाळी मी बसच्या खिडकीला चिकटलो. "बाटली घेतलीस? टोपी? आणि समजा वाटेत..."

तिने हात बाहेर काढून माझं तोंडच दाबलं. "बाबा, पूल मागे राहिला."

बस गेली. लेक मैत्रिणीशी खिदळत होती, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. माझे डोळे भरून आले, आनंदानेच.

तेवढ्यात आत्याचा फोन. "गेली का रे पोर? बसचे ब्रेक बघितलेस?"

"आत्या, चपला घाल. मी येतोय. आपण चालायला जाऊ."

"आणि माझे पाय दुखले तर?"

"बोल ना," मी म्हटलं, "पूल यायचाय अजून."