जादा किल्ली

दारावरच्या कुलपाकडे बघून किल्लीवाल्याने नाक मुरडलं.

"अर्ध्या मिनिटात उघडेल," तो बायकोच्या कानाशी कुजबुजला. "केसातली पिन दे, दाखवतो."

"गप बसा," बायको म्हणाली आणि संत्र्याची एक फोड तिने त्याच्या तोंडात कोंबली. "दुकान नाहीये हे."

दुकान नव्हतंच. मूल होत नाही म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी ही दोघं ज्या केंद्रात आली होती, तेच हे. किल्लीवाल्याकडून मूल होणं शक्य नाही असं इथेच कळलं होतं, आणि कुणा अनोळखी माणसाने केलेल्या वीर्यदानामुळे घरात लेक आली ती इथूनच. आली आणि घर डोक्यावर घेऊन बसली. हे सगळं त्यांनी तिला ती शाळेत जायच्या आधीच सांगून टाकलं होतं, कारण लपवाछपवी किल्लीवाल्याला कधी जमली नाही. त्या माणसाचं नाव मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते विचारायचा हक्क एकट्या लेकीचा, तोही अठरा पूर्ण झाल्यावर.

ठकीला अठरा पूर्ण झाली आणि ठकीने विचारलं. त्या माणसाने कळवलं, की नाव-पत्ता इतक्यात नको, पण फोनवर बोलायला आवडेल. म्हणून आज ती त्या बंद दारामागे फोनची वाट बघत बसली होती. आणि आईबाप बाहेर, बाकावर.

किल्लीवाल्याने आयुष्यभर एक नियम पाळला होता. मालकाची ओळख पटल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही, समोरचा कितीही गयावया करो. आज तोच नियम त्याच्यावर उलटला होता: या कुलपाची मालकीण लेक होती, तो नव्हता.

"सकाळी पुन्हा घराची किल्ली हरवली तिने," तो काहीतरी बोलायचं म्हणून बोलला. "किल्लीवाल्याची पोर! दुकानात तिच्यासाठी वेगळा खिळा ठोकलाय, जादा किल्ली टांगायला. कुणावर गेलीय देव जाणे."

"ते कळायलाच तर आलोय," बायको म्हणाली.

भीती त्याला एकाच गोष्टीची होती. ठकी गायची, आणि असं गायची की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं. त्याच्या घरात आणि बायकोच्या माहेरी सुरात शिंकणारंसुद्धा कुणी नव्हतं. म्हणजे गळा त्या माणसाचा, हे त्याने कधीच धरून टाकलं होतं. आता तो माणूस फोनवर दोन ओळी गुणगुणेल, ठकी पुढच्या दोन म्हणेल, आणि आपण बसू जन्मभर कानस घासत.

तेवढ्यात दार उघडून समुपदेशक बाई बाहेर आल्या.

"फोनला जरा उशीर होतोय. त्यांची काहीतरी अडचण झालीय."

कच खाल्ली गड्याने, बरं झालं, असं किल्लीवाल्याच्या मनात आलं आणि लगेच त्याला स्वतःची लाज वाटली. आत पोरगी भल्या सकाळपासून इस्त्रीचे कपडे घालून बसली होती.

"येईल ना हो फोन?" त्याने विचारलं. "नाही, म्हणजे, फार वाट बघितलीय तिने."

"येईल," बाई म्हणाल्या आणि हसू दाबत आत गेल्या.

बराच वेळ आतून काहीच ऐकू आलं नाही. मग ठकी हसली. खो खो हसली, थांबली, पुन्हा हसली. किल्लीवाल्याने न बघता तोंडात काहीतरी टाकून चावलं, ती संत्र्याची साल होती.

दार उघडलं. ठकीच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं.

"गायला का तो?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"गातायत कसले! बाबा, शाळेत त्यांना गाण्याच्या वेळी नुसते ओठ हलवायला सांगायचे. मी पहिलं तेच विचारलं."

"मग तुझा गळा?"

"तो होय? मी लहान असताना दुकानात तू दिवसभर शीळ घालायचास ना? इतकी बेसूर, की मला राहवायचं नाही. मी आपली तेच गाणं नीट करून म्हणायचे. तशीच सवय लागली."

बायकोने पिशवीतून रुमाल काढला आणि डोळे पुसले. किल्लीवाला भिंतीकडे बघत राहिला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"आणि उशीर कशाने झाला?" शेवटी त्याने विचारलं.

"अरे, तीच तर गंमत! ते स्वतःच्याच घराबाहेर अडकलेत. किल्ली हरवली, फोन आत राहिला. शेजाऱ्यांच्या पायरीवर बसून, त्यांच्या फोनवरून बोलत होते. नेहमीचंच आहे म्हणे."

किल्लीवाल्याने एकदा लेकीकडे बघितलं, एकदा बायकोकडे. मग तो असा गडगडून हसला की बाई धावत बाहेर आल्या.

"बाई, त्यांना परत फोन लावा," तो डोळे पुसत म्हणाला. "मी नाही बोलत, तुम्हीच बोला. नाव नको, पत्ता नको. दाराला कुलूप कसलं आहे तेवढं विचारा, उघडायचं कसं ते मी सांगतो."

"आणि तुमचा नियम?" बायकोने विचारलं. "ओळख पटल्याशिवाय हात लावत नाही ना तुम्ही?"

"पटली की," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने ठकीच्या खिळ्याशेजारी आणखी एक खिळा ठोकला. ठोकताना तो शीळ घालत होता. बाहेर पायरीवर बसलेल्या ठकीने थोडा वेळ सहन केलं, आणि मग ते गाणं नीट करून म्हणायला घेतलं.