बारशाचे शिंपले

आठवडाभर समुद्राचं पाणी काढ्यासारखं तांबूस झालं होतं. शिंपले काढू नका, अशी दवंडीही बाजारात पिटून झाली होती. पण इद्देरच्या मुलाचं बारसं होतं, आणि शिंपल्यांवाचून त्यांच्या गावात पंगत उठत नसे. बायको, तूदा, नको नको म्हणत होती. उकळल्यावर कसलं विष उरतंय, असं म्हणून इद्देर खडकांवरून टोपलीभर घेऊन आला.

सासरे बिही सगळ्यांत वडील. मानाचं ताट त्यांचं. जावयाने त्यांना आग्रह करकरून वाढलं. स्वतः सरबराईच्या गडबडीत दोन-चारच तोंडात टाकले.

चहाच्या वेळी बिही उठले आणि झोकांड्या खाऊ लागले. ओठच नाहीत मला, असं काहीसं जड जिभेने पुटपुटले. पाहुण्यांत कुणीतरी फिदीफिदी हसलं. म्हातारा तरुणपणी अगादीर बंदराच्या गोदीवर दारू ढोसायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इद्देरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामा, निदान आज तरी," तो दातओठ खात कुजबुजला. बखोट धरून त्याने त्यांना मागच्या धान्याच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. तूदाला सांगितलं, बाबा जरा लवंडलेत.

मग चहा ओतताना किटली हातात आहे की नाही, हेच त्याच्या बोटांना कळेना. ओठांना मुंग्या आल्या. तो तर प्यायला नव्हता.

धावत जाऊन त्याने कडी काढली. बिही जमिनीवर पडले होते, एक हात दाराच्या फटीशी. श्वास कसाबसा चालू होता.

अगादीरच्या इस्पितळात श्वासाचं यंत्र लावलं म्हणून ते वाचले. बाकीच्यांचं मुंग्यांवरच निभावलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, अलेक्झांड्रियम म्हणतात असा एक बारीक जीव असतो समुद्रात. डोळ्यांना दिसत नाही. तो माजला की पाणी तांबूस होतं, त्याचं विष शिंपल्यांत साठतं, आणि ते उकळून जात नाही. माणूस दारुड्यासारखा बरळतो, लडखडतो, मग श्वासच थांबतो.

बिही बोलू लागले तेव्हा इद्देर त्यांच्या पायांशी बसला. "मामा, मला वाटलं तुम्ही प्यायलात."

म्हाताऱ्याने पाय आखडून घेतले. "प्यायलो असतो, तर कडी घालायची होती का, जावईबापू?"

बाळाला घेऊन दाराशी उभ्या तूदाला कडीचं तेव्हाच कळलं. तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि बापाच्या उशाशी जाऊन बसली. इद्देरची मान काही वर झाली नाही.